एक बाक, एक पंगत



दर महिन्याला आपण इथं शेळीपालन, रक्तातलं हिमोग्लोबिन, बँकेचं कर्ज असं काहीतरी ऐकतो. आज विषय जरा वेगळा आहे. शाळेत धर्म शिकवावा का? शिकवला तर गावातली माणसं एकमेकांच्या जवळ येतात की लांब जातात? हा प्रश्न आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तो आमच्या गटाच्या बैठकीत येऊन बसला, म्हणून त्याच्याकडे बघावं लागलं.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. गावातल्या शाळेत पाचवीतल्या दोन मुलांचं पेन्सिलीवरून भांडण झालं. मुलांची भांडणं व्हायचीच. पण भांडता भांडता एकानं दुसऱ्याला म्हटलं, "तुम्ही इथले नाहीतच." दहा वर्षांच्या मुलाला हे वाक्य कुठून सुचलं? मोबाइलवरून आलं असेल, पारावरून आलं असेल, घरातूनही आलं असेल. दोघांच्या आया आमच्याच गटातल्या. एकीला आम्ही वहिनी म्हणतो, दुसरीला भाभी. अकरा वर्षं दोघी एका सतरंजीवर बसून हप्ते मोजत आल्या होत्या.

पुढच्या बैठकीला भाभी दाराजवळ बसल्या. त्याच्या पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत, बचतीचे पैसे मुलीच्या हातून पाठवले. त्यांनी शिलाई मशिनसाठी दहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं होतं. अर्ज वाचला गेला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आत्ता राहू दे, पुढच्या महिन्यात बघू." का राहू दे, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. सगळ्यांना माहीत होतं. अर्ज दोन महिने वहीत पडून राहिला.

मग आमच्यातच चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाली, "शाळेत धर्माचं शिक्षण दिलं पाहिजे, म्हणजे पोरं चांगली वागतील." दुसरी म्हणाली, "नको गं बाई, शाळेत धर्म आला की भांडण वाढतं." तिसरी बौद्धवस्तीतली, ती म्हणाली, "धर्म शिकवाल, पण जातीचं काय? ते कोण शिकवणार?" तिघींचंही खरं वाटत होतं. म्हणून आम्ही ठरवलं, आपल्या आधीच्या माणसांनी या प्रश्नाचं काय केलं ते बघू. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, संविधानाची मराठी प्रत मिळवली, शाळेतल्या गुरुजींना विचारलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात इंग्रजांच्या काळापासून करू. त्यांच्या सरकारनं १८५४ साली शिक्षणाचा एक मोठा खलिता काढला. वूडचा खलिता म्हणतात तो. त्यात ठरलं, की सरकारी शाळांत धर्म शिकवायचा नाही. मिशनऱ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, तिथं बायबल शिकवत. पण सरकारी शाळेत धर्म आणला तर लोकांना वाटेल आपली मुलं बाटवतात, आणि लोक बिथरतील, ही भीती सरकारला होती. म्हणजे सरकार धर्मापासून लांब राहिलं, ते माणसं जोडावीत म्हणून नव्हे, तर भांडण अंगावर येऊ नये म्हणून. लांब राहिल्यानं माणसं आपोआप जवळ येत नाहीत. शाळेत धर्म नव्हता, पण जात होती. पाण्याचं भांडं वेगळं होतं, बसायची जागा वेगळी होती.

याचा दाखला आपल्या साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एक लहान मुलगा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. त्याला वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. पाणी स्वतःच्या हातानं घेता येत नसे. तो मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. आता महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हा मुलगा आपल्या गोष्टीत पुढं पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

सरकार असं लांब उभं होतं तेव्हा काही माणसं जवळ येत होती. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ आहे. सावित्रीबाई आपल्या जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८५६ साली त्या आजारी पडून माहेरी आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव आहे. आपण इकडे आजारी, त्यामुळं तिकडे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. ही फातिमा म्हणजे फातिमा शेख. मैत्रिणींनो, एकीच्या आजारपणात दुसरीनं काम ओढायचं आणि कुरकुर करायची नाही, हे आपल्याला किती ओळखीचं आहे! पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक माळ्याची सून आणि एक मुसलमान बाई असं एकमेकींवर विसंबून होत्या.

जोतिरावांनी शेवटच्या दिवसांत सार्वजनिक सत्यधर्मावर पुस्तक लिहिलं. ते त्यांच्या मागं, १८९१ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी एका घराची कल्पना मांडली आहे. त्या घरातल्या प्रत्येकाला जो धर्म पटेल तो पाळायची मुभा आहे, आणि तरी सगळ्यांनी एकमेकांशी प्रेमानं, एका कुटुंबासारखं राहायचं आहे. आज आपल्या गावात दोन आळ्या एका वाटेनं चालायला तयार नसतात, आणि हा माणूस एका छपराखाली वेगवेगळे धर्म नांदवत होता.

मग आले कोल्हापूरचे शाहू महाराज. त्यांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं काढली किंवा काढायला मदत केली. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर राहायचं कुठं, हा प्रश्न त्यांनी सोडवला. ही वसतिगृहं बहुतेक समाजवार होती. पण शाळेच्या बाबतीत १९१९ साली त्यांनी हुकूम काढला, की अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करायच्या आणि सगळी मुलं एकाच शाळेत बसवायची.

कोल्हापुरात शिकलेला एक जैन मुलगा त्याच्याही पुढं गेला. कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील, आपले कर्मवीर अण्णा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली संस्था साताऱ्यात आली आणि तिथं त्यांनी वसतिगृह काढलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या समाजांची मुलं एका छपराखाली. मुलांनीच पाणी भरायचं, दळण आणायचं, भाकरी थापायच्या, झाडायचं आणि एका पंगतीत बसून जेवायचं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तिथं आले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं गेलं.

इथं आपण थांबू, कारण ह्या पंगतीमागं एक बाई आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या खात्यापित्या, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. अशा बाईच्या घरात एकदम सगळ्या जातिधर्मांची पोरं आली. ते मान्य करायला त्यांना सोपं गेलं नसणार. आपल्यापैकी कुणाला गेलं असतं? पण पुढं त्या पोरांची आईच झाल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, आणि मोडायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा मंगळसूत्रही मोडलं. १९३० साली त्या वारल्या. अण्णांचे पुतळे गावोगाव आहेत. लक्ष्मीबाईंचं नाव आपण बायकांनी तरी घ्यायला हवं.

त्या वसतिगृहात धर्माचा वेगळा तास नव्हता. पण ज्या पोरानं दुसऱ्याच्या हातची भाकरी वर्षभर खाल्ली, त्याला "तुम्ही इथले नाहीतच" असं म्हणायला जीभ वळली असती का? आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "हेच खरं धर्माचं शिक्षण." असेलही. पण सगळ्या शाळांना वसतिगृह नसतं आणि सगळ्यांना लक्ष्मीबाई मिळत नाहीत. म्हणून प्रश्न पुढं गेला.

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी देशभरातल्या शिक्षणाच्या जाणकारांची परिषद भरवली. हाताला काम देणाऱ्या शिक्षणाची योजना तिथं ठरली. आपण तिला नई तालीम म्हणतो. गांधीजी रोज प्रार्थना करणारे, पण ह्या योजनेत धर्माचा विषय त्यांनी ठेवला नाही. काहींनी विचारलं, तुम्हीच धर्म वगळता? त्यावर त्यांचं म्हणणं असं होतं, की आज ज्या पद्धतीनं धर्म शिकवले आणि पाळले जातात, त्यातून एकीपेक्षा तंटाच वाढतो. मात्र सगळ्या धर्मांत जे सारखं आहे ते मुलांना मिळालंच पाहिजे, आणि ते पुस्तकातून नाही, तर शिक्षकाच्या रोजच्या वागण्यातून मिळतं.

पाहा बरं, शिक्षकाच्या वागण्यातून. पुस्तक कितीही चांगलं असलं आणि बाई एखाद्या मुलाच्या आडनावावरून त्याला मागं बसवत असतील, तर मूल काय शिकणार?

आता संविधानाकडे येऊ. १९४६ च्या डिसेंबरात संविधान सभा बसली. तिच्यात पंधरा महिला होत्या. त्यांतल्या एक होत्या अलाहाबादच्या पूर्णिमा बॅनर्जी. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या, अरुणा असफअलींच्या बहीण. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, फाळणीच्या दंगली पेटलेल्या असताना, शाळेतल्या धर्मशिक्षणावर सभेत चर्चा झाली. पूर्णिमाबाईंनी सूचना मांडली, की सरकारी मदत घेणाऱ्या शाळांत जे धर्माचं शिक्षण द्यायचं ते सगळ्या धर्मांची ओळख करून देणारं असावं. त्यातून मुलाचं मन मोठं व्हावं, आपलाच पंथ खरा अशी कोती वृत्ती वाढू नये. रेणुका राय यांनीही सरकारी शाळांत एखाद्या पंथाचं धर्मशिक्षण नको अशी बाजू मांडली.

पूर्णिमाबाईंची सूचना जशीच्या तशी संविधानात आली नाही. पण जरा विचार करा. बाहेर माणसं माणसांना कापत होती, आणि ही बाई सांगत होती की पोरांना शेजाऱ्याच्या धर्माची ओळख करून द्या.

७ डिसेंबर १९४८ रोजी हा विषय पुन्हा सभेत आला. उत्तर द्यायला उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर, साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेला तोच मुलगा. सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको याची कारणं त्यांनी दिली. पहिलं, कर सगळे भरतात, मग त्या पैशातून एकाच धर्माची शिकवण कशी द्यायची? दुसरं, एकेका भागात इतके धर्म आहेत, की प्रत्येकाची शिकवण द्यायची म्हटलं तर सरकारला ते जमणार नाही. तिसरं, प्रत्येक धर्म म्हणतो मोक्षाचा मार्ग फक्त माझ्याकडे. हे वाद शाळेच्या आवारात आले तर शाळेची शांतता बिघडेल. पण त्याच वेळी त्यांनी एक फरकही सांगितला. धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्माचा अभ्यास करणं वेगळं.

ह्यातून संविधानाचं २८ वं कलम झालं. सोप्या शब्दांत ते असं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. एखाद्या विश्वस्त संस्थेनं धर्मशिक्षणाच्या अटीवर काढलेली आणि आता सरकार चालवत असलेली शाळा असेल तर तिला सूट आहे. आणि ज्या शाळेला सरकारची मान्यता किंवा अनुदान आहे, तिथं कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा पूजा-प्रार्थनेला जबरदस्तीनं बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. ही शेवटची ओळ आपल्या कामाची आहे. संमती पालकांची, म्हणजे आईचीही.

पुढं १९६४ ते १९६६ या काळात शिक्षणाचा मोठा आयोग बसला, कोठारी आयोग. त्यानंही हाच फरक धरला. एका धर्माचं शिक्षण देणं वेगळं, धर्मांविषयीचं शिक्षण देणं वेगळं. पहिलं सरकारी शाळेचं काम नाही. दुसरं मात्र आपल्यासारख्या अनेक धर्मांच्या देशात हवंच, प्रत्येक मोठ्या धर्माची निवडक माहिती मुलांना मिळालीच पाहिजे, असं आयोगानं सुचवलं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयापुढंही हा वाद गेला. धर्मांची माहिती देण्याला २८ वं कलम आड येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

म्हणजे आमच्या बैठकीतल्या पहिल्या दोघींचंही थोडं थोडं बरोबर होतं. शाळेनं नमाज शिकवायची नाही, आरती शिकवायची नाही. पण शेजारची भाभी रोजा का धरते आणि वहिनी एकादशी का धरते, हे सांगायला कुणाची बंदी नाही.

आता कुणी म्हणेल, अशी माहिती देऊन खरंच फरक पडतो का? म्हणून आम्ही बाहेरच्या देशाकडेही पाहिलं. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत धर्मशिक्षण आणि रोजची सामूहिक प्रार्थना सक्तीची झाली. पालकांना मूल काढून घेण्याची मुभा होती. तेव्हा धर्मशिक्षण म्हणजे ख्रिस्ती धर्मच. पुढं पंजाब, गुजरात, पाकिस्तान, वेस्ट इंडीज इथून कामासाठी माणसं गेली, त्यांची मुलं त्या वर्गांत बसू लागली. मग १९७५ साली बर्मिंगहॅम शहरानं नवा अभ्यासक्रम केला. त्यात ख्रिस्ती धर्माबरोबर इतर धर्मही आले, धर्म न मानणाऱ्यांचा विचारही आला. १९८८ साली देशाच्या कायद्यानंच सांगितलं, की मुख्य परंपरा ख्रिस्ती असली तरी बाकीच्या मोठ्या धर्मांची शिकवण आणि रीत विचारात घेतली पाहिजे. प्रत्येक भागात एक मंडळ नेमलं जातं. त्यात चर्चची माणसं, इतर धर्मांची माणसं, शिक्षक आणि स्थानिक प्रशासन एका टेबलाशी बसतात. आम्हाला ह्यातली हीच गोष्ट जास्त आवडली. मुलं काय शिकतात ते नंतर बघू, पण त्या निमित्तानं मोठी माणसं तरी एका ठिकाणी बसली.

पण २००१ च्या उन्हाळ्यात तिथल्या ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड ह्या गावांत दंगली झाल्या. सरकारनं चौकशी नेमली. त्या अहवालात निघालं, की गोरे आणि आशियाई लोक एकाच गावात राहूनही समांतर आयुष्य जगतात. वस्ती वेगळी, शाळा वेगळी, एकमेकांच्या घरी जाणं-येणं नाही. पुस्तकात शेजाऱ्याच्या सणाचं चित्र होतं, पण शेजारी बाकावर नव्हता.

त्याच्या शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोघंही ख्रिस्तीच, पण तीस वर्षं एकमेकांचे जीव घेत होते. मुलांच्या शाळाही वेगळ्या. १९८१ साली बेलफास्ट शहरात काही पालकांनी हट्टानं दोन्हींकडच्या मुलांची एकत्र शाळा काढली, लॅगन कॉलेज. पहिल्या वर्षी मुलं होती अठ्ठावीस. शाळेच्या दारात बाँब फुटायच्या दिवसांत पोटच्या पोराला तिथं पाठवायला केवढी छाती लागली असेल! अशा शाळा आजही तिथं थोड्याच आहेत, पण अठ्ठावीस मुलांनी वाट पाडली.

म्हणून आम्ही असं समजलो. नुसती माहिती पुरत नाही आणि नुसतं एकत्र बसणंही पुरत नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब इतर मुलांबरोबर एकाच वर्गात होते, तरी गोणपाट वेगळं होतं. पंगतही एक हवी आणि शेजाऱ्याची खरी ओळखही हवी. आणि ओळख करून देताना आपल्या घरातला अन्याय झाकायचा नाही. तिसरीनं विचारलेलं "जातीचं काय?" त्याचं उत्तर हेच.

मग आम्ही काय केलं? शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. आमच्या गटातल्या दोघी तिथं आहेत. आजवर त्या सही करून घरी येत. ह्या वेळी त्यांनी ठराव मांडला. सण जवळ आला की त्या आठवड्यातल्या शनिवारी परिपाठानंतर एका आईनं येऊन तीन गोष्टी सांगायच्या. आमच्या घरी त्या दिवशी काय करतात, का करतात, आणि कुणाला देतात. पूजा नाही, घोषणा नाही, कुणाला काही म्हणायला लावायचं नाही. मुख्याध्यापक आधी कचरले. "उद्या कुणी तक्रार केली तर?" म्हणाले. आम्ही २८ वं कलम कागदावर लिहून नेलं होतं. शिकवण आणि ओळख यांतला फरक त्यांना पटला. ठराव लेखी झाला.

रमजानच्या महिन्यात भाभींना बोलवायचं ठरलं. आणायला कोण जाणार? वहिनी गेल्या. दारात काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. भाभी आल्या. ईदच्या नमाजाआधी गरिबाला फितरा द्यावा लागतो, कारण सणाच्या दिवशी कुणाचं घर उपाशी राहू नये, असं त्यांनी मुलांना सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडं पण नैवेद्य गाईला आणि दारात आलेल्याला देतात." बुद्धपौर्णिमा उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, म्हणून बौद्धवस्तीतल्या ताई धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास बोलल्या. १९५६ साली नागपूरला काय झालं ते सांगितलं, आणि त्यांच्या आजीला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते तेही सांगितलं. वर्ग शांत झाला. एका आजोबांनी दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "हे जुनं कशाला उकरता?" ताई म्हणाल्या, "आजोबा, पोरांना माहीत असलं तर ती पुन्हा करणार नाहीत." गावात ख्रिस्ती कुटुंब नाही, पण उपकेंद्रातल्या सिस्टर ख्रिस्ती आहेत. नाताळाला त्या आल्या. आषाढीच्या दिंडीच्या वेळी गुरुजींनी मुलांना श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची ओळख करून दिली. मुसलमान घरात जन्मलेले आणि मराठीत योगसंग्राम लिहिणारे हे संत आपल्याच वारकरी परंपरेतले. पोरांना ते माहीत नव्हते. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हते.

सगळं गोड झालं असं आम्ही सांगणार नाही. दोन घरांनी शनिवारी मुलं पाठवली नाहीत. त्यांची मर्जी, संविधानानंच दिलेली. मोबाइलवर यायचं ते येतंच. भाभींचा कर्जाचा अर्ज आम्ही मंजूर केला, पण तोवर उशीर झाला होता. मधल्या काळात त्यांनी फायनान्सवाल्याकडून जादा व्याजानं पैसे उचलले होते. ते हप्ते त्या अजून फेडतात. आम्ही दोन महिने गप्प बसलो, त्याचं व्याज भाभी भरतात. हे आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवलंय, म्हणजे विसरणार नाही. आता अर्ज पुढं ढकलायचा असेल तर कारण लिहावं लागतं, असा नियमच केला आहे.

ती दोन मुलं आता सहावीत आहेत. एका बाकावर बसतात का? कधी बसतात, कधी नाही. भांडणं होतात. पण गेल्या महिन्यात एकाचा डबा राहिला, तर दुसऱ्यानं अर्धी चपाती दिली म्हणे. ही बातमी भाभींनी बैठकीत सांगितली, सतरंजीच्या मधोमध बसून.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते मोजून झाले की तुमच्या गटात तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेत पोषण आहाराची पंगत एक बसते का? शाळा व्यवस्थापन समितीवर आपल्यातलं कोण आहे, आणि ती तिथं बोलते का? आणि आपल्या सतरंजीवर दाराजवळ कोण बसलंय? तिला आत बोलवा. तिचा अर्ज असेल तर आधी वाचा.